चावी माझ्या खिशात होती, तरी मी मीटरवरचा शून्य खरा मानला

११,२५० रुपये. घरी मी अजून सात हजारच सांगितले आहेत. खरा आकडा आज पहिल्यांदा लिहितोय. एवढे पैसे मोजून मी काय घेतलं? माझ्याच गाडीचा जुना थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे ॲक्सिलरेटर किती उघडलाय ते इंजिनच्या संगणकाला कळवणारा भाग. गॅरेजवाल्याने तो कापडाने पुसला आणि नवा म्हणून मलाच विकला.

गाडी म्हणजे २०१० ची मोटारसायकल, फ्युएल इंजेक्शनची (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी), सिंगल सिलिंडर. जानेवारीपासून सिग्नलला थांबलं की बंद पडायची. आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन फिरण्याचा वेग, वरखाली व्हायचं, हळू चालवताना झटके बसायचे. नेहमीचा मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा. त्याने प्लग आणि एअर फिल्टर बदलून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "सर, हे इंजेक्शनचं काम माझं नाही." तो प्रामाणिक माणूस. मग कुणीतरी एका "एफआय (फ्युएल इंजेक्शन) स्पेशालिस्ट" गॅरेजचं नाव सुचवलं. असली माणसं कशी बोलतात ते तुम्हाला माहीत असेलच. आधी घाबरवायचं, मग "तुमच्यासाठी म्हणून" कमी करायचं. त्याने पहिल्यांदा सांगितलं की थ्रॉटल बॉडीच (इंजिनात हवा सोडणारी झडप असलेला भाग) गेली, बावीस हजार लागतील. पाच मिनिटांनी म्हणाला, "थांबा, नुसता सेन्सर असेल तर वाचाल तुम्ही." बावीसचा आकडा ऐकल्यावर अकरा हजार मला स्वस्त वाटले.

आता तो क्षण. रात्री झोपताना डोळ्यांपुढे येतो तो हाच. त्याने सीट काढली, कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) मागून वायरीत पिन खुपसली, व्होल्ट मोजायचं मीटर लावलं आणि माझ्यासमोर धरलं. ०.००. "बघा सर, सेन्सर डेड." मी पाहिलं आणि मान हलवली. गाडीची चावी त्या वेळी माझ्या पँटच्या खिशात होती. मी हात खिशात घातला होता, चावी बोटांना लागत होती. इग्निशन बंद! सेन्सरला ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडून, पाच व्होल्टचा पुरवठा होतो तो चावी फिरवल्यावर. पुरवठाच नसेल तर चांगला सेन्सरही शून्यच दाखवणार, कालच बसवलेला कोरा सेन्सरही शून्यच दाखवणार. आणि हे मला कळत नव्हतं असं नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीच्या मुलांकडून पोटेन्शिओमीटरचा प्रयोग एकवीस वर्षं करून घेतोय. हा सेन्सर म्हणजे दुसरं काय आहे? पट्टीवर सरकणारा एक संपर्क, तीन वायरी: पुरवठा, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल. सेल न जोडता कुणी मला शून्य रीडिंग दाखवलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढला असता. गॅरेजमध्ये मात्र मी गप्प राहिलो.

का राहिलो? माझी बाजू मांडतो. फेब्रुवारी चालू होता, बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, दुसऱ्या कॉलेजवर बहिस्थ परीक्षक म्हणून सकाळी आठला पोचायचं होतं. आदल्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडून मागून ट्रक हॉर्न देत होता. अशा अवस्थेत हातात मीटर घेतलेल्या माणसावर विश्वास टाकला तर तो मूर्खपणा ठरत नाही. मीटर पाहिलं की माझ्यासारखा माणूस गाफील होतो, आणि हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तुमच्यासमोर कुणी रीडिंग घेत असेल तर चावी ऑन आहे का, एवढं एक आधी बघा.

२,००० ॲडव्हान्स त्याच दिवशी, यूपीआयने. क्यूआर स्कॅन केल्यावर गॅरेजचं नाव आलं नाही, कुणा बाईंचं आलं. "वहिनींचं खातं आहे." तिथेही मी थांबलो नाही. तीन दिवसांनी हिशेब असा: सेन्सर ६,८५०, ईसीयू प्रोग्रामिंग ३,२००, मजुरी १,२००. ॲडव्हान्स वजा जाता ९,२५० दिले. पावती मागितली तर वहीतल्या कागदावर लिहून दिलं. त्यावर शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, सेन्सरचा पार्ट नंबरही नाही. जुना सेन्सर मागितला तर "तो कंपनीला परत पाठवावा लागतो." असं काही नसतं. पैसे भरून बदललेला जुना पार्ट तुमचा असतो, तो हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

नऊ दिवस गाडी बंद पडली नाही. पण आयडलिंग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास असायला हवं ते १,८०० वर. ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी पुढे ओढायची. दहाव्या दिवशी झटके परत सुरू. फोन केला, उचलला नाही.

मग ३८० रुपयांचं डिजिटल मल्टिमीटर आणलं. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवून वाचलं. रविवारी टाकी उतरवली, टॉर्च मारला आणि हात थरथरायला लागले. २०१७ साली थ्रॉटल बॉडी साफ केली तेव्हा जुन्या मेकॅनिकने सेन्सर आणि बॉडी यांच्यावरून मिळून एक पिवळी रेघ मारली होती, परत बसवताना जागा चुकू नये म्हणून. तिचा अर्धा भाग बॉडीवर, अर्धा सेन्सरवर. दोन्ही अर्धे तसेच होते, फक्त एकमेकांपासून दोनेक मिलिमीटर सरकलेले. नव्या सेन्सरवर २०१७ ची रेघ कुठून येणार? आणि मूळ बिघाडही तिथेच दिसत होता. सेन्सरची भोकं लांबट असतात, स्क्रू सैल पडला की तो जागचा फिरतो. त्याने सेन्सर बदलला नव्हता, फिरवलाही नव्हता. फक्त थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू (बंद असताना झडप ज्यावर टेकते तो) आवळून आयडलिंग वाढवून दिलं होतं, म्हणून सिग्नलला बंद पडणं तेवढं थांबलं.

पुढचं काम मी स्वतः केलं. गाडीगाडीत फरक असतो, त्यामुळे माझे आकडे आंधळेपणाने घेऊ नका. आधी स्टॉप स्क्रू मॅन्युअलप्रमाणे मागे घेतला. हा क्रम उलटा केला तर सगळं चुकतं, कारण स्टॉप स्क्रू हलला की सेन्सरचं रीडिंगही हलतं. मग चावी ऑन, इंजिन बंद. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन अर्थला, लाल पिन सिग्नलच्या वायरीला कपलरच्या मागून. वायरीचं आवरण सोलू नका, पावसाळ्यात तिथे गंज धरतो. बंद थ्रॉटलला ०.८४ येत होतं, मॅन्युअलमध्ये ०.६० ते ०.६४. ॲक्सिलरेटर अगदी हळू पिळत पूर्ण उघडला, रीडिंग चार व्होल्टच्या वर गेलं, मध्ये कुठेही उडी नाही की खड्डा नाही. म्हणजे सेन्सर ठणठणीत. आतली पट्टी झिजली असती तर मध्येच आकडा नाचला असता, तेव्हाच तो बदलायचा. स्क्रू जेमतेम सैल करून सेन्सर केसभर फिरवला, ०.६२ वर आणला. आवळताना तो परत सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजलं. तिसऱ्या खेपेला जमलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं. गाडी आज लोण्यासारखी चालते, आणि ती तशी चालते याचाच जास्त संताप येतो.

गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, "सर, मी नवाच टाकला होता, तुम्ही खोललंत, आता वॉरंटी संपली." मला एवढंच ऐकायचं बाकी होतं. तुम्ही ही चूक करू नका: संशय आला तर काही खोलण्याआधी व्हिडिओ काढा, शक्यतो साक्षीदारासमोर.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. जुनं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, हे वाचून गेलो होतो. ठाणे अंमलदारांनी अर्ज वाचलाही नाही. "हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, बदललेला नसताना बदलला सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? तर म्हणे गॅरेज आमच्या हद्दीत येत नाही. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं म्हटल्यावर आवाज चढला: "सर, तुम्ही शिकवता ना? मग तुम्हाला कळायला नको होतं?" खोलीत चारपाच माणसं होती. मान खाली घालून बाहेर पडलो. दुसऱ्या ठाण्यात गेलो तर त्यांनी पहिल्या ठाण्यात पाठवलं. बँकेत गेलो तर उत्तर तयार: पिन तुम्ही स्वतः टाकलात, व्यवहार वैध आहे. ग्राहक हेल्पलाइनवर तिसऱ्या फोनला माणूस भेटला, त्याने पहिला प्रश्न विचारला: जीएसटी बिल आहे का? बिल न देणाऱ्यानेच फसवलंय हे मी चार वेळा सांगितलं. चार दिवसांनी मेसेज आला, तक्रार बंद. कशाच्या आधारावर, ते लिहिलेलं नाही. ज्याने बिल दिलं नाही तो निर्धास्त आणि ज्याला मिळालं नाही तो दारोदार, हे कुणालाच चुकीचं वाटत नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय, वकील न लावता. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. अर्जासोबत वहीतला तो कागद, यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट आणि पिवळ्या रेघेचा मोठा करून छापलेला फोटो जोडला आहे. कारकुनाने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात काय दाखवायचंय?" मी खुर्ची ओढून बसलो आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं.