घरासमोरचं अंगण, लाखाच्या आत

आधी आकडा सांगते, मग बाकीचं. घरासमोरच्या अंगणाला आमचे ९१,५०० रुपये लागले. ठरवले होते एक लाख. काम आमच्या भागातल्या एका नर्सरीवाल्या भाऊंकडून करून घेतलं. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला तेही पुढे येईलच.

प्लॉट नागपुरात असतो तसाच, ३० बाय ५०. घर बांधून समोर ३० बाय १२ मोकळं राहिलं. बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, कुठलंही नवं लेआउट डोळ्यांसमोर आणा, तसंच. तोंड पश्चिमेला, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये दुपारपासून दिवेलागणीपर्यंत समोरची भिंत तापून राहते. जमीन काळी, आणि तिच्यावर बांधकामाचा उरलेला सगळा मलबा: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, गुटख्याच्या पुड्यासुद्धा.

नर्सरीच्या आधी एका लँडस्केपिंगवाल्यांचं कोटेशन घेतलं होतं. रंगीत चित्र सुंदर होतं. चार फॉक्सटेल पाम, काठोकाठ लॉन, पांढरे गोटे. चित्रातलं आभाळसुद्धा नागपूरचं नव्हतं. खाली एकच ओळ: 'लँडस्केपिंग, १ जॉब, २,४०,०००'. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८३,२००. मी पतसंस्थेत हिशेब बघते. 'एक जॉब' म्हणजे काय ते फोडून द्या म्हटलं तर उत्तर आलं, "मॅडम, पॅकेज आहे." ज्याचं खातं उघडून दाखवता येत नाही त्याला मी कर्ज देत नाही, दोन लाख ऐंशी हजार कुठून देणार?

नर्सरीवाले भाऊ आले ते सब्बल घेऊन. चित्र नाही, कॅटलॉग नाही. बोलायच्या आधी त्यांनी गेटजवळ दीड फुटाचा खड्डा केला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. मग ओट्यावर बसून चहा. चहा संपला, गप्पा झाल्या, माणूस निघायला उठला तरी खड्ड्यातलं पाणी तसंच. "ताई, हे पाहा. वरून कितीही महागाचं झाड लावा, पावसात मुळं सडून जातीन." काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. आपल्या गेटपाशी ते बघायला मिळालं तेव्हा पैसे कुठे घालायचे ते कळलं.

अंदाजपत्रक त्यांनी कार्बन लावलेल्या बिलबुकात हातानेच लिहून दिलं, पण ओळ न् ओळ वेगळी. मलबा उचलणं आणि एक फूट खोदाई, ट्रॅक्टरसह, ९,००० रुपये. झाडांची आणि लॉनची जागा २०० चौरस फूट, म्हणजे बरोबर दोन ब्रास माल निघाला (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ब्रासचा हिशेब येत असेल तर इथे कोणी फसवू शकत नाही. चांगली माती, रेती, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिळून १२,५००. पाइप, दोन नळ आणि ठिबक ८,६००. पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक, १६० चौरस फूट, ९० च्या दराने १४,४००. कडेचे दगड ४,०००. लॉन ८० फूट, लावून ३,२००. झाडं ११,३००, लावणीची मजुरी ६,०००. मधुमालतीसाठी लोखंडी मांडव १३,०००. बेरीज ८२,०००. वरचे अठरा हजार मी हातात ठेवले, आणि कोणालाही हेच सांगेन: अठरा-वीस टक्के हातात ठेवल्याशिवाय कामाला हात लावू नका. पहिल्या पावसात माती बसते. आमची चांगली चार बोटं बसली आणि आणखी एक ट्रॉली माती टाकावी लागली, ३,५०० गेले. आणखी ६,००० गेले, त्याचं पुढे सांगते.

आता बघा, खोदाई, माती आणि पाइप एवढेच तीस हजारांवर जातात. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा असा, की जो आल्यागेल्याला दिसतच नाही. आमच्या यांना हे पटत नव्हतं. "एवढे पैसे मातीत?" असं ते दोन-तीनदा म्हणाले. पण जुनी काळी माती भाऊंनी सगळी फेकली नाही. मलबा चाळून निम्मी परत घेतली, रेती आणि शेणखत मिसळून. तिच्यात ओल धरून ठेवायची ताकद असते, ती उन्हाळ्यात कामी येते. सगळी लाल माती विकत घ्यायला लावणारा माणूस तुमच्या झाडापेक्षा त्याच्या ट्रॉलीचं बघतो.

पेव्हरचं काम मात्र त्यांचं नाही, ते बाहेरच्या मिस्त्रीला देतात, आणि तिथेच माझा तारा कापला गेला. साहित्य चांगलं होतं. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, कारला तो पुरतो. ८० चा जड गाड्यांसाठी, घरासमोर कोणी सुचवला तर कशाला ते विचारा. खाली मुरूम दाबून, वर गिट्टी, मग चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. काळ्या मातीवर नुसती चुरी अंथरून ब्लॉक बसवले तर दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात, आमच्या गल्लीत तीन घरांसमोर बघायला मिळतील. पण मिस्त्रीने उतार घराकडे दिला! दहा फुटाला दोन इंच उतार रस्त्याकडे हवा, एवढी साधी गोष्ट. पहिल्या जोरदार पावसात पाणी पोर्चच्या पायरीशी येऊन बसलं. मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, "बघून राहिलो ताई." शेवटी मी व्हिडिओ पाठवला तेव्हा भाऊ स्वतः आले, अर्धे ब्लॉक उखडून परत बसवून दिले. मजुरी घेतली नाही, पण गेटजवळ जाळीचं चेंबर आणि पाइप काढायचे ६,००० माझ्याकडूनच गेले. चेंबर आधीच अंदाजात असायला हवं होतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून अर्धं शहर पाण्यात गेलं, त्यानंतर नागपुरात अंगणाचं काम करणाऱ्या माणसाने पाणी कुठे जाईल हे पहिल्या पानावर लिहायला पाहिजे.

लॉनवरून आमच्या घरात महाभारत झालं. मुलीला सगळं अंगण हिरवं हवं होतं. भाऊंनी तिलाच विचारलं, "बेटा, मे महिन्यात कूलरला पाणी टाकशील का लॉनला?" मग हिशेब सांगितला. कडक उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी धरा. दोनशे फूट म्हणजे साडेअठरा चौरस मीटर, शंभर लिटर रोज, आणि तेही नवतप्यात, मेअखेरच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, जेव्हा बोअरला आधीच धाप लागलेली असते. आमचा कूलर एकटाच तेवढं पितो. म्हणून लॉन ८० फुटांवर थांबलं, पोर्चच्या सावलीच्या कडेला, आणि बाकीच्या जागेत झाडं. जास्त विकायची संधी असताना कमी विकणारा माणूस मला आवडतो. आणखी एक गोष्ट तेच बोलले, म्हणून सांगते: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकू नका. पाणी उडत जातं, क्षार मागे राहतात, टाकीला पांढरा थर बसतो तो तोच.

झाडांत त्यांचं अर्धं बरोबर, अर्धं चूक. आमच्या सासऱ्यांना दारात संत्र्याचं झाड हवंच होतं. नागपूरचा माणूस, काय करणार. भाऊ म्हणाले, "बाबूजी, पाणी साचणाऱ्या जागेत डिंक्या येईन, बुंध्यातून डिंक गळत राहीन." तरीही हवं असेल तर उंच वरंब्यावर लावा, आणि कलम माझ्याकडून घेऊ नका, अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून घ्या. सासरे अजून विचार करून राहिले आहेत. तोपर्यंत कडीपत्ता आणि कागदी लिंबावर भागवलं.

एक्झोरा मात्र त्यांनीच गळ्यात मारला. कुंपणाला लाल फुलांची ओळ छान दिसेल म्हणून वीस रोपं लावली. आमच्या मातीत चुना, बोअरचं पाणीही जड. दिवाळीपर्यंत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. त्या झाडाला आंबट माती लागते. नर्सरीचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. ट्रक भरून माल आला होता आणि तो खपवायचा होता, एवढंच. भांडून टगर आणि पिवळी कण्हेर बदलून घेतली. दोन्ही ऊन पीत उभ्या आहेत. कण्हेर विषारी असते, घरात रांगतं मूल असेल तर ती लावू नका. जास्वंद, मोगरा, पारिजातक, सोनचाफ्याचं कलम, सगळं जगलं. नुसती रोपं घेतली तर जीएसटी लागत नाही, म्हणून झाडांचं बिल कामाच्या बिलापासून वेगळं मागा.

मधुमालतीचा मांडव हा सगळ्यात शहाणा खर्च निघाला. पश्चिमेच्या खिडकीसमोर, कूलरच्या वर. वेल एका पावसाळ्यात चढली, आणि आता चार वाजता कूलरच्या गवतावर थेट ऊन येत नाही. भाऊंनी सरळ सांगितलं होतं, "फॅब्रिकेटर माझा आणाल तर मी वर दोन हजार लावीन, तुमचा तुम्ही पाहा." आम्ही आमचा पाहिला.

सासूबाईंच्या मागणीचं मिस्त्रीला आधी हसू आलं. पेव्हरवर रांगोळी नीट उमटत नाही, रेघ फटींत जाते, आणि सडा टाकला की चुरी वर येते. त्यांना गेटाच्या आत तीन बाय तीनची गुळगुळीत कोटा फरशी हवी होती. मिस्त्री "डिझाइन बिघडून जाईन" म्हणत होता. सासूबाई म्हणाल्या, "डिझाइन मी रोज काढीन, तू फरशी बसव." बसवली. ब्लॉकच्या पातळीत, अर्धा सूत वर, म्हणजे पाणी थांबत नाही. पैसेही वेगळे लावले नाहीत, तेवढे ब्लॉक कमी लागले ना.

पुढचा खर्च कोणीच आधी सांगत नाही, भाऊंनी विचारल्यावर सांगितला. आठवड्यातून एकदा माळी, महिन्याचे ८०० रुपये. खत, पेंड, हिरवी नेट आणि ठिबकची किरकोळ दुरुस्ती धरून वर्षाचे बारा-साडेबारा हजार जातात. लॉन सगळीकडे असतं तर माळी आठवड्यातून दोनदा लागला असता. त्यांचा माळी कामाला चोख, पण लग्नसराईत गावी जातो आणि बदली माणूस येत नाही. नेमका मे महिना! हिरवी नेट आम्हीच बांधली.

कुंड्या त्यांच्याकडून घेऊ नका, बाजारापेक्षा बऱ्याच महाग लावतात. फोन सकाळी नऊच्या आत केला तर उचलतात, जुलै-ऑगस्टमध्ये तर त्यानंतर आशाच सोडा. एप्रिलमध्ये काम मागायला गेलात तर ते खोदाई, पाइप आणि पेव्हर करून देतील, पण झाडं लावणार नाहीत. "मृग लागू द्या बाप्पा, आता लावलं तर मरून जाईन." आमचीही लावणी जूनअखेरीस झाली. अॅडव्हान्स तीस टक्के मागतात. शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर द्या, ते तयार होतात. यूपीआय चालतं, पक्कं बिल मात्र मागावं लागतं.