सेफारिया: प्रौढांच्या तोरा-वर्गाला (ज्यू धर्मग्रंथांच्या अभ्यासवर्गाला) चालेल का?

स्त्री-पुरुष, समलिंगी जोडपी, धर्मांतराच्या वाटेवरचे, हिब्रूचा गंधही नसलेले, असे सगळे एका टेबलाशी बसवणाऱ्या सिनेगॉगसाठी (ज्यू प्रार्थनास्थळासाठी) ज्यू धर्मग्रंथांचं हे मोफत ॲप बिनधास्त घ्या. वचनावर बोट टेकवलं की बाजूला भाष्यं उघडतात, मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्यासकट. तालमुदच्या (ज्यू धर्मशास्त्रावरच्या प्राचीन चर्चांच्या ग्रंथाच्या) इंग्रजी भाषांतरात ठळक अक्षरं म्हणजे मुळातले शब्द, साधी अक्षरं म्हणजे रब्बी (ज्यू धर्मगुरू) श्टाइनसाल्त्झ यांचं स्पष्टीकरण. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मंडळी स्पष्टीकरणालाच मूळ समजून तासभर भांडतात (भांडण रंगतं, ते वेगळं!). हिब्रू बायबलसाठी २०२३ ची जेपीएस (ज्यूइश पब्लिकेशन सोसायटी) लिंगभान आवृत्ती, म्हणजे लिंगभेदाचं भान ठेवून केलेलं इंग्रजी भाषांतर, निवडा, तीत देवाला शक्यतो ‘तो’ म्हटलेलं नाही.

खरी मजा सोर्स शीटमध्ये, म्हणजे ॲपमधले उतारे निवडून आपण जुळवलेल्या वाचन-पानात. पण हात आवरा: तासाला तीन-चार उतारे पुष्कळ, त्यातली वीस मिनिटं जोडीनं वाचायला. नवशिक्यांसाठी हिब्रू मजकुरातली स्वरचिन्हं (उच्चार दाखवणाऱ्या खुणा) चालू, गायनखुणा (वचन कोणत्या सुरात म्हणायचं ते दाखवणाऱ्या) बंद. दोन्ही चालू ठेवल्या तर अक्षर दिसेनासं होतं. शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या ज्यू विश्रांतीच्या दिवशी) काहीजण फोनला हात लावत नाहीत, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधीच मोठ्या टायपात प्रती छापून ठेवा.