मटन स्ट्रीटवरचे फिल्मी स्टिल: आधी पाठ बघा

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या सिनेमांची पोस्टरं, लॉबी कार्डं (थिएटरच्या दर्शनी भागात लावायची चित्रं), गाण्यांच्या पुस्तिका आणि स्टिल फोटो विकणारी दुकानं आहेत. पोस्टरांबद्दल भरपूर लिहून झालंय. इथे फक्त गठ्ठ्यांतल्या फोटोंचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. ८ बाय १० इंचांचा काळापांढरा फोटो हातात आला की नजर मधुबालेच्या चेहऱ्यावर खिळते आणि कागद बघायचा राहून जातो.

शुक्रवारी ही दुकानं बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर भरतो तो भंगार-जुन्याचा बाजार निराळा, फोटोंसाठी त्यात जाऊ नका. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. सोबत दहापट दाखवणारं भिंग, लहानसा यूव्ही टॉर्च आणि सुती हातमोजे घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही ठरवू नका, फोटो दारापाशी उजेडात आणा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही. जो घेतो, त्याच्याकडचा माल तिथेच राहू द्या.

स्टिल म्हणजे सिनेमाच्या रिळातली फ्रेम नव्हे. सेटवर वेगळा छायाचित्रकार वेगळ्या कॅमेऱ्याने, बहुतेकदा शॉट झाल्यावर नटांना पुन्हा उभं करून तो काढायचा. निगेटिव्ह मोठी, त्यामुळे अस्सल स्टिलमध्ये पापणीचा केस न् केस आणि साडीचा काठ स्वच्छ दिसतो. रिळातली फ्रेम मोठी करून छापलेला फोटो भिंगाखाली दाणेदार आणि मऊ दिसतो. स्टिलमधला एखादा प्रसंग पडद्यावर सापडलाच नाही, तर तेवढ्यावरून फोटो खोटा ठरत नाही.

आता पारख. आधी फोटो उलटा करा. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत लागली तर तो रेझिन लावलेला कागद, म्हणजे साधारण १९७० नंतरचा. सिनेमा १९५२ चा आणि पाठ अशी असेल, तर तो नंतर काढलेला प्रिंट आहे, दुकानदार कितीही ‘एकदम ओरिजिनल’ म्हणो. पाठीवर ‘इंदू’ या कागदाचं नाव असलं तरी हाच हिशेब, कारण तो बनवणाऱ्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची स्थापनाच १९६० ची. जुना कागद तंतुमय असतो, कडा थोड्या वळलेल्या, पाठ पिवळट. वितरकाचा किंवा स्टुडिओचा जांभळा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, पिनांची भोकं हे सगळं जमेच्या बाजूला धरा. दादरच्या कामत फोटो फ्लॅशसारख्या, स्टिलचंच काम करणाऱ्या स्टुडिओचा शिक्का असेल तर फोटो सहसा सोडू नये. मात्र शिक्का मागाहूनही मारता येतो, म्हणून एकट्या शिक्क्यावर विसंबू नका.

मग फोटो तिरपा धरा. गडद भागात, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झाक दिसली तर ती चांगली खूण. दमट हवेने आणि प्रदूषणाने कागदातली चांदी वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत राहते, तिची ती झाक. नकली फोटोवर ती आणणं फार अवघड. यूव्ही टॉर्चखाली १९३० किंवा ४० च्या दशकातला म्हणून दिलेला फोटो निळा-पांढरा चमकला तर परत द्या. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची ती द्रव्यं १९५० च्या दशकात वापरात आली. चमकला नाही, म्हणजे अस्सलच, असं मात्र नाही.

सगळ्यात जास्त भेटतो तो फोटोवरून काढलेला फोटो. त्यात काळी साडी आणि मागचा अंधार एक होऊन जातात. चरे, घडी, पिनेचं भोक चित्रात दिसतं, पण बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नाही. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर तो फोटोच नव्हे, शाईची छपाई.

याच कारणाने मूकपटांचे आणि पहिल्या बोलपटांचे ‘अस्सल’ स्टिल इथे शोधू नयेत. ‘आलमआरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मागे उरलेल्या थोड्या फोटोंच्या नकला, नकलांच्या नकला सगळीकडे फिरतात. भिंतीवर लावायला खुशाल घ्या, पण नकलेच्या भावाने.

इथला खरा माल म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतली लॉबी कार्डं. काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने चढवलेले रंग बघण्यासारखे असतात: गाल गुलाबी, ओठ जरा जास्तच लाल, आणि तिरप्या उजेडात ब्रशचे फटकारे स्पष्ट. सत्तरीतले रंगीत फोटो तांबूस झालेले असतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी उडतो. त्यामुळे तांबूसपणाला घाबरू नका. पन्नास वर्षांचा फोटो ताज्या रंगांचा दिसला, तर मात्र शंका घ्या.

तक्रार आहे ती साठवणीची. बहुतेक ठिकाणी फोटो पीव्हीसीच्या चिकट पिशव्यांत कोंबलेले. पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन पिशवीला चिकटतं आणि ओढलं की चित्राचा पापुद्रा निघतो. लॅमिनेशन केलेला किंवा सेलोटेपने जोडलेला फोटो घेऊच नये. बुरशीचे ठिपके, कसरीने कुरतडलेल्या कडा दिसल्या तर भाव पाडा आणि घरी नेल्यावर तो बाकीच्यांपासून महिनाभर वेगळा ठेवा. एकाच सिनेमाच्या कार्डांचा सेट फोडून विकण्याची खोडही वाईट. पूर्ण सेट असेल तर तसाच मागा.

भावाची पाटी नसते. सांगितलेल्याच्या निम्म्यापासून सुरू करा, आणि नटीचं नाव घेऊन विचारू नका. नाव घेतलं की भाव चढलाच. विषयाची खात्री करायची असेल तर आधी पेडर रोडवर गुलशन महलमधलं, २०१९ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय बघून या (सोमवारी बंद). अभ्यासासाठी पुण्याचं, १९६४ चं, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (एनएफएआय; नाव तेच, संस्था वेगळी) बरं, तिथे स्टिल आणि पुस्तिकांचा मोठा साठा आहे. विकत घेतलेला फोटो छापायचा असेल तर लक्षात ठेवा, कागद तुमचा झाला, हक्क नाही. प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं ते दुसऱ्याचे असू शकतात.

घरी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लरहित पुठ्ठ्याला टेकवून, आडवा ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, मुंबईत त्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरतात. सिलिका जेलच्या पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरा. आणि हाताने रंगवलेलं कार्ड पिशवीला चिकटलं असेल तर पाण्यात भिजवू नका, रंग उतरेल. पिशवीसकट जाणकाराकडे न्या.