पायडलचा दोरपंप, अकरा महिन्यांनंतर: आधी खिट्टी बघा

विहिरीवरच्या आमच्या पायडलच्या पंपात चाकावरून फिरणारी दोरी पाइपातून पाणी वर आणते. त्याच्या खिट्टीची स्प्रिंग तिसऱ्यांदा तुटली, म्हणून हे लिहितोय. खिट्टी म्हणजे चाक उलटं फिरू न देणारा बोटभर लोखंडी तुकडा. स्प्रिंग तुटली की खिट्टी चाकाला अडवत नाही. मग पाय थांबले की पाइपातलं उभं पाणी दोरीला खाली ओढतं आणि चाक उलटं फिरू लागतं. फ्रीव्हील, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाचं दातेरी चक्र, चाकाला पुढे मोकळं सोडतं, मागे मात्र चेन पकडतं. त्यामुळे पायडल गर्रकन उलटं येऊन नडगीवर बसतं. १२ मीटर पाइपात जेमतेम पावणेचार लिटर पाणी असतं, पण लागायला तेवढं पुरतं. बनवणाऱ्याचं उत्तर काय, तर "हळू थांबवायचं." पाण्याला पोरंही येतात, म्हाताऱ्याही येतात. यंत्राची उणीव त्यांच्या नडगीने का भरून काढायची?

पंपाची कल्पना मात्र पक्की आहे. रहाटगाडग्यातली गाडगी काढून दोरीला चकत्या ओवल्या आणि ती दोरी पाइपातून वर घेतली, की झाला दोरपंप. निकाराग्वात हे पंप हजारोंनी बसले. ग्वाटेमालात सान आंद्रेस इत्सापा इथली माया पेडाल ही संस्था जुन्या सायकली जोडून ते पायांवर चालवते.

सुरुवातीचे दोन महिने माझं मत वाईट होतं. एक इंची पाइप आणि सायकलचंच ४४ दात्यांचं चेनव्हील (पायडलचं दातेरी चक्र) दिलं होतं, मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील. रस्त्यावर हा हिशेब बरोबर आहे, विहिरीवर चूक. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे घेतं, म्हणजे तेवढाच जास्त जोर पायांवर येतो. दहा मिनिटांत मांड्या भरून येत. पुढेही १८ दात्यांचंच चक्र लावलं आणि पाइप पाऊण इंची केला (आतला व्यास २० मिमी). आता मिनिटाला पायडलच्या ४० फेऱ्यांच्या चालीने १६-१७ लिटर पाणी येतं आणि दोन घागरी भरताना धाप लागत नाही. तेव्हा आधीचं मत मी मागे घेतो. पंप वाईट नव्हता, जोडणी चुकली होती.

चकत्यांचा व्यास पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी हवा आणि दर मीटरला एक चकती. फट वाढली की पाणी वाटेतच गळतं, घट्ट बसली तर दोरी अडकते. पाइपाचं खालचं तोंड गरम करून काचेच्या बाटलीवर फुलवून घ्या, नाहीतर प्रत्येक चकती कडेला आपटते. वर पाणी बाहेर पडतं तिथे पाइप दीड इंची करा, म्हणजे दोरीबरोबर वर उडणारं पाणी तोटीत उतरेल. दोरी नायलॉनची नको, ती ताणली जाते आणि चाकावर घसरते. ६ मिमी पॉलिप्रॉपिलीन टिकते, फक्त वरच्या भागावर ऊन पडू देऊ नका. गाठ मारू नका. दोन्ही टोकांचे पीळ उसवून एकमेकांत गुंफा. गाठ पाइपाच्या तोंडाशी अडकते.

विहीर झाकल्याने पोहरे, पालापाचोळा आणि कबुतरं बंद झाली, हा खरा फायदा. तरी पाणी निर्जंतुक झालं असं समजू नका. दोरीला हात लागतो, शिवाय ओट्यावर सांडलेलं पाणी दोरीच्या भोकातून परत आत जातं. भोकाभोवती चार बोटं उंच काठ बांधा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नेहमीसारखीच टाकायची: १००० लिटरला अडीच ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे २१,००० लिटर, त्याला ५३ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळच विहिरीत सोडा, तासभर पंप बंद ठेवा, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी. पिवळी झाक आली नाही तर क्लोरीन पुरलेलं नाही; पावडर जुनी असू शकते.

आणि खिट्टी? आता स्प्रिंगच काढून टाकली आहे. चाकाच्या आसाला तेच काढलेलं ४४ दात्यांचं चेनव्हील वेल्ड केलं आणि वर बिजागरीवर जाड पट्टी अशी लावली की ती आपल्या वजनानेच दात्यांत पडते. टोक तिरकं घासलं आहे. भंगारातली पट्टी, वेल्डिंगचे दीडशे रुपये. कटकट आवाज येतो, पण तो ऐकू येतोय तोवर नडगी सुरक्षित आहे. आवाज बंद झाला, तर पायडलला पाय लावू नका.