रेशमी साड्या घरी धुवायला रिठा: वापरून बघितला, साडेतीन स्टार

कुठल्या ब्रँडचा रिव्ह्यू नाहीये हा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो साधा सुका रिठा. पाव किलो साठ रुपयांना आणला, गणपतीपासून वापरतेय. ड्रायक्लीनवाला एका साडीचे अडीचशे घेतो म्हणून हा उद्योग, शिवाय आधी एक घोळ करून बसले होते. अहोंचा पूजेचा कद मी नेहमीच्या वॉशिंग पावडरमध्ये भिजवला आणि पार निस्तेज होऊन बसला बिचारा. नंतर कळलं की रेशीम म्हणजे आपल्या केसांसारखं प्रोटीन, त्याला क्षार सोसत नाहीत, आणि डाग घालवायला पावडरीत जी एन्झाइम टाकतात त्यातली काही प्रोटीनच खातात, म्हणजे डागाबरोबर कापडही.

तर रिठा. आठ-दहा फोडून बिया काढायच्या, सालं रात्री कोमट पाण्यात टाकायची, सकाळी कुस्करून जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं, गाळायचा कंटाळा केलात तर सालीचे बारीक तुकडे साडीभर चिकटतात आणि वेचत बसावं लागतं (मी बसलेय). तयार पावडर मिळते पण ती उघडली की घरभर शिंका. फेस साबणाएवढा येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं काही धुतलंच जात नाहीये, पण जातं.

साडी टबात घालायच्या आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओला कापसाचा बोळा दाबून बघा. माझ्या नारायणपेठीच्या काठाचा मरून रंग बोळ्यावर आला, ती गुपचूप ड्रायक्लीनला. हिरवी प्लेन सिल्क मात्र पास झाली. थंड पाणी, पाचच मिनिटं, हलक्या हाताने खालीवर करायची, ब्रश नाही, पिळणं तर अजिबात नाही, ओलं रेशीम कमजोर असतं. मग दोन पाण्यातून काढून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळवायची. किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने कमी गरम इस्त्री. टसरवर मात्र इस्त्री करताना पाणी शिंपडू नका, ठिपके उठतात.

रिझल्ट? हिरवी साडी मऊ आणि चमकदार निघाली, साबणाने येतो तसा राठपणा नाही. रिठ्याचं पाणी मुळात किंचित आंबट गुणाचं असतं, त्यामुळे साबणानंतर शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालतात त्याची गरज मला वाटली नाही. पण क्रीम रंगाच्या कुर्त्यावर रिठ्याच्या तपकिरी पाण्याची पिवळट झाक बसली, ती दुसऱ्या धुण्यातही पूर्ण गेली नाही. पांढऱ्या आणि फिक्या कपड्यांना लोकरीच्या कपड्यांचं लिक्विडच बरं. आणि तेलातुपापुढे रिठा हात टेकतो. मोदकावरचं तूप सांडलं होतं, ते आधी रात्रभर टाल्कम पावडर दाबून ठेवली तेव्हा कुठे निघालं.

केलेलं पाणी दोन दिवसांत आंबतं, त्यामुळे लागेल तेवढंच करा. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं.

पैठणी कुणी यात बुचकळू नका हं! इतकी जर असते आणि रंगाचा भरवसा नाही, कोण रिस्क घेणार. ती नेसून झाली की वाऱ्यावर टाकायची, मलमलमध्ये गुंडाळायची, तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, डांबरगोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, बास.

एक स्टार कुर्त्याचा कापला, अर्धा शिंकांचा. परवा उरलेलं पाणी ओतून टाकणार होते तर सासूबाईंनी मागून घेतलं आणि त्यात पाटल्या घासल्या. पाटल्यांना त्यांच्याकडून पाच स्टार.