सहल उत्तम, पण नाव अर्धेच सांगितले

डब्लिनहून मीथ परगण्यातील ब्रू ना बोन्या या प्राचीन कबरींच्या परिसरात नेणाऱ्या एका खासगी कंपनीच्या एकदिवसीय सहलीला आम्ही गेलो होतो. बस वेळेवर सुटली. तिथल्या न्यूग्रेंज या कबरीच्या सुमारे १९ मीटर लांबीच्या अरुंद दगडी मार्गातून अंग चोरत आत गेल्यावर स्थळावरील मार्गदर्शिकेने दिवे मालवले आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे आत शिरणारी सूर्यकिरणांची पट्टी कृत्रिम प्रकाशाने जमिनीवर उमटवून दाखवली, तेव्हा इ.स.पू. ३२०० च्या सुमारास ही कबर बांधणाऱ्यांविषयी मन आदराने भरून आले.

तक्रार आहे ती बसमधील निवेदनाची. तिथे दिवसभर फक्त ‘न्यूग्रेंज’ हेच नाव कानावर पडले आणि ‘ब्रू ना बोन्या’ हे जणू तिकीटघराचे नाव असावे, असा समज झाला. वस्तुतः ‘ग्रेंज’ म्हणजे मठाची शेतवाडी. ११४२ मध्ये स्थापन झालेल्या मेलिफाँट मठाच्या जमिनीवरून पडलेले हे नाव कबरीहून चार हजारांहून अधिक वर्षांनी लहान आहे. उलट ‘ब्रू’ म्हणजे वाडा आणि ‘बोन्या’ ही बोआन देवीच्या नावाची नदी. हे नाव नाउथ व डाउथ या शेजारच्या कबरींसह साऱ्या परिसराचे असून, एकट्या या कबरीला आयरिशमध्ये ‘शी अन व्रू’ म्हणतात. रस्त्यावरच्या फलकांवरही आयरिश नाव वर आणि इंग्रजी खाली असते. निवेदनातही तोच क्रम मला योग्य वाटतो.

सहल जरूर करावी, मात्र तिथल्या अभ्यागत केंद्रातील प्रदर्शनासाठी तासभर वेगळा ठेवावा.