खानदेशी मांड्यांचा स्टॉल: चव उत्तम, रांग मोठी

ग्रामीण महिलांच्या बचत गटांसाठी राज्य शासन चालवत असलेल्या उमेद अभियानाच्या, मुंबईत भरलेल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जळगाव जिल्ह्यातील एका बचत गटाच्या स्टॉलवर पुरणाचे मांडे खाल्ले, आणि शहरातल्या उपाहारगृहांत या नावाने जे मिळते त्याच्याशी या पदार्थाचे दूरचेच नाते आहे, हे पहिल्या घासाला पटले. पुरण भरलेला उंडा जेमतेम लाटून स्टॉलवरच्या ताई तो दोन्ही हातांवर खेळवत थेट कोपरापर्यंत पसरवीत आणि शेगडीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकीत. मांडा इतका पातळ, की त्यातून आतले पुरण दिसावे. तरीही कडा कोरड्या नव्हत्या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचाही फक्कड. शेवभाजी मात्र मुंबईकरांसाठी सौम्य केलेली वाटली, ती तशी करायला नको होती.

रांगेत पाऊण तास गेला, कारण मांडे घडवणारे हात दोनच. तेवढ्या वेळात स्टॉलचा कारभार पाहता आला. ताईंचे पती कणीक तिंबत होते आणि भांडीही विसळत होते. गावी दोन म्हशी आणि धाकटा मुलगा सासूबाईंच्या हवाली होता. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही गटाची पंचसूत्री शिकवता येते. पण बाई दहा-बारा दिवस मुंबईत असताना पहाटेची धार कोण काढणार, हे घरातच ठरावे लागते. पहिल्या वर्षी सासूबाईंनीच नकार दिला होता, असे ताईंनी हसत सांगितले. गंमत म्हणजे मांडे त्यांनीच शिकवलेले.

एक गोष्ट खटकली. पैसे देताना क्यूआर कोड स्कॅन केला, तर पडद्यावर थोरल्या मुलाचे नाव आले. रोख रक्कम ताई स्वतः वहीत लिहीत होत्या, पण ऑनलाइन जमा किती झाली हे त्यांना रोज रात्री मुलाला फोन करून विचारावे लागते. गटाचे बँकेत खाते आहे, तर त्याचाच कोड लावावा, असे मी सुचवले. त्यावर पती म्हणाले, "खरंय, हिचं नाव यायला पाहिजे." ताई काही बोलल्या नाहीत, त्यांनी पुढचा उंडा हातात घेतला.

एक मांडा दोघांना पुरतो, वर तूप मागून घ्यावे. दुपारी बाराच्या आत गेल्यास फार थांबावे लागणार नाही.